हाडाचं काम

माझी पोरगी औषध बनवते, असं मी सगळ्या नाचणगावाला सांगून ठेवलं होतं. पुलगावच्या भाजीबाजारात मेथी विकता विकता सांगितलं, दवाखान्याच्या रांगेत सांगितलं, एसटीत बाजूला बसलेल्या अनोळखी बाईलाही देवळी येईपर्यंत सांगून झालं. पौर्णिमा औषधाच्या कंपनीत संशोधन करते, डॉक्टर न होता तिच्या नावामागं डॉक्टर लागतं, तिच्या हाताखाली माणसं आहेत. यातलं काही खोटं नव्हतं. मी नुसतं जरा मोठ्यानं सांगत होते.

पुलगावात तिची बीएस्सी झाली, नागपुरात एमएस्सी. केमिस्ट्री हा शब्द मला नीट म्हणता येईपर्यंत तिचं एक वर्ष संपलं. मग बुटीबोरीला रंगाच्या कारखान्यात पाळीची नोकरी लागली. बाकी सगळे पुरुष, ही एकटी पोरगी, आणि बाईमाणसाला जायची जागा पार गेटाजवळ. ती दिवसभर पाणी प्यायची नाही. घरी यायची तेव्हा नखं निळी असायची. तिचे वडील, आमचे बापूराव, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, ग्रीसनं त्यांचे हात जन्मभर काळे. ते तिच्या नखांकडे पाहून हसायचे. मी म्हटलं, एवढं शिकून हातच रंगवायचे होते तर होळीलाच रंगवले असते. माझं हे बोलणं तिला लागलं असावं. त्याच साली तिनं नोकरी सोडली आणि पीएचडीला बसली. लग्नाची स्थळं येत होती ती मी दारातूनच परत पाठवली. पोरगी शिकून राहिली आहे, म्हटलं, तुमच्या पोराला भाकरी थापणारी दुसरीकडे पाहा.

पुढं ती हैदराबादच्या पलीकडं एका कंपनीत गेली. दर रविवारी फोन यायचा. “आई, पुन्हा फसलं,” ती म्हणायची. काय फसलं ते ती सांगू लागायची, आणि मी मधेच विचारायची, जेवली का. अशी किती वर्षं गेली. मला नवलच वाटायचं, की रोज फसणाऱ्या कामाचाही पगार देणारी कंपनी जगात असते. आमच्या शेतावर निंदणाऱ्या बाईनं एक दिवस वाफा चुकवला तर दुसऱ्या दिवशी तिला कोणी बोलावत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी ती फोनवर नुसतीच हसत राहिली. जमलं होतं. कंपनीनं त्याचं पेटंट घेतलं आणि त्या कागदावर इतर नावांसोबत हिचंही नाव लागलं. पेटंट म्हणजे काय ते बापूरावांनी मला समजावलं. मी दुसऱ्या दिवशी वस्तीत सांगितलं, पौर्णिमानं औषध शोधलं.

“कोणत्या बिमारीचं?” नलूनं विचारलं.

“मोठ्या,” मी म्हटलं.

नलू म्हणजे आमच्या विहारातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. अंगणवाडीतून रिटायर झाली, म्हणून सगळ्या बाया अजूनही अंगणवाडीत आहेत अशा तोऱ्यात बोलते. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, आम्ही बाया रोज संध्याकाळी विहारात जमतो आणि पाळीपाळीनं ग्रंथ वाचतो. माझी शाळा चौथीतच सुटली. मी अक्षराखाली बोट ठेवून वाचते. एखाद्या जोडाक्षराशी मी अडले की नलू मागून मोठ्यानं तो शब्द पूर्ण करते, जणू मी हरले आणि ती जिंकली. तिची पोरगी सासरी शिवणकाम करते. तेव्हा माझ्याकडं पौर्णिमा होती, आणि मी पौर्णिमाला नलूसमोर जरा जास्तच वेळा काढायची.

त्या ‘मोठ्या बिमारी’चा वस्तीत फिरता फिरता कॅन्सर झाला. ते मी केलं नाही. पण माझ्या कानावर आलं तेव्हा मी ते पुसलंही नाही. कोणी विचारलं तर हसून म्हणायची, “आता ते तिलेच माहीत बाई.”

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्या दिवशी विहारात समाप्तीचा कार्यक्रम असतो, खीर असते, आणि कोणा शिकल्यासवरल्याचा सत्कार असतो. या वर्षी मंडळानं पौर्णिमाचं नाव काढलं. नलूनंच काढलं, हेही खरं. तिची नात खुशी बारावी सायन्सला आहे, तिला चार गोष्टी ऐकायला मिळतील, असं ती म्हणाली. पौर्णिमा सुट्टी काढून आली.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ओसरीवर खिरीचे तांदूळ निवडत बसलो होतो. मी तिला शिकवत होते, की भाषणात पहिल्यांदा कोणाची नावं घ्यायची, माझं नाव कुठं घ्यायचं, आणि औषध कसं शोधलं ते कसं सांगायचं.

“आई, मी औषध नाई बनवत व,” ती म्हणाली. “औषध बनवणारे दुसरे राह्यते. ते ज्या कव्हरात भरते ना, त्या कव्हराचं काम माह्याकडे. कॅप्सूल.”

“म्हणजे पुड्या बांधतं तू?”

ती हसली. तिला राग येत नाही, हे तिनं बापाकडून घेतलं. मग ती सांगू लागली. आपल्याकडं मे महिन्यात हवा अशी कोरडी होते, की कॅप्सूलमधलं पाणी उडून जातं आणि ती डबीतल्या डबीत तडकते. आत औषध चांगलं असतं, पण दुकानदार माल परत पाठवतो. कंपनीतल्या साहेबांना वाटायचं, दुकानदार खोटं बोलतात. हिनं सांगितलं, मी तिकडची आहे, आमच्याकडं दाराची लाकडंसुद्धा तडकतात. मग तडकणार नाही असं कव्हर शोधायचं काम हिच्याचकडं दिलं. ती हातवारे करत बोलत होती, तांदूळ सुपातच राहिले. इतकं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. की मीच कधी बोलू दिलं नव्हतं.

“ते कव्हर कायचं राह्यते?” मी विचारलं. प्लास्टिक म्हणेल असं मला वाटलं होतं.

“जिलेटिनचं.”

“ते कायचं?”

“हाडाचं, आई. ढोरायच्या हाडाचं.”

हाडं धुऊन, चुरा करून तेजाबात टाकतात, त्यातला दगडासारखा भाग निघून जातो, मग राहिलेलं कितीतरी आठवडे चुन्याच्या पाण्यात ठेवतात, असं ती पुढं सांगत होती. माझे कान ढोराशीच थांबले होते.

इथं माझ्या सासूचं सांगितलं पाहिजे. रुख्मिणी तिचं नाव, सगळे रुखमामाय म्हणायचे. देवळीच्या बाजूला एका खेड्यात आमच्या सासरची मंडळी राहायची. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या माणसांवर असायचं. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या लोकांनी ते सोडायचं ठरवलं. काही वर्षांनी गावच्या मोठ्या घरचा बैल मेला. बोलावणं आलं. सासरा मागंपुढं पाहत होता. सासू दारात उभी राहिली आणि म्हणाली, आम्ही आता ढोराले हात लावत नाई, तुमचा बैल तुम्ही ओढा. बैल तीन दिवस तिथंच पडून होता, असं सांगतात. मग विहिरीवर जायचं बंद झालं, मजुरी बंद झाली, आणि सासू बोचकं डोक्यावर घेऊन, छोट्या बापूरावांचा हात धरून नाचणगावात आली. आमचं घर इथं आहे ते त्या एका बोलण्यामुळं. दर जयंतीला कोणीतरी ही गोष्ट सांगतं आणि सगळे आमच्या घराकडं पाहतात. मी पदर सावरून बसते.

त्या सासूची नात मेलेल्या ढोरांच्या हाडांवर पीएचडी करून बसली होती.

“आजी असती तं तुले या घरात घेतलं नसतं,” मी म्हटलं.

सुपातले तांदूळ पौर्णिमानं उगाच दोनदा पाखडले.

“उद्या हाडाचं नाव काढू नको,” मी म्हटलं. “औषधाचं काम म्हण अन् मोकळी हो.”

“अन् कोणी विचारलं तं?”

“कोण विचारते? खीर खायले येते लोक.”

तिनं मान खाली घातली. “बरं,” म्हणाली. “मी आपल्या मनानं नाव नाई काढत.”

सकाळी उपाशीपोटी मी पित्ताची कॅप्सूल घेते. त्या सकाळी ती तळहातावर घेतली, उजेडात धरून पाहिली आणि परत डबीत ठेवली. दुपारी विहारात निघेपर्यंत छाती भाजत होती.

विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, बाहेर चुलीवर गंजात खीर उकळत होती, तिचा वास आत येत होता. वंदना झाली. नलूनं माईक हातात घेतला. तिनं पौर्णिमाची ओळख करून देताना कॅन्सर हा शब्द दोनदा घेतला. पौर्णिमानं वळून माझ्याकडं पाहिलं. तिला हे नवीन होतं. मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहू लागले.

तिला शाल दिली, रोप दिलं. ती बोलायला उभी राहिली. कॅन्सरच्या औषधाशी आपला काही संबंध नाही, हे तिनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, पण इतकं हळुवार सांगितलं की ऐकणाऱ्याला ते विनय वाटावं. मग ती फसण्याबद्दल बोलली. प्रयोगशाळेत माणूस बहुतेक दिवस फसतोच, आणि का फसलं ते नीट लिहून ठेवणं हेच काम असतं, असं म्हणाली. बुटीबोरीच्या निळ्या नखांचं सांगितलं. बाया हसल्या. बापूराव मागच्या खांबाशी उभे होते, ते हात बांधून ऐकत होते. मी मनात म्हटलं, चला, निभलं.

तेवढ्यात नलूची खुशी उठली. वेणी पुढं घेऊन, भीत भीत. आमचे सर म्हणतात कॅप्सूल प्लास्टिकची असते, पण प्लास्टिक पोटात विरघळेल कसं, असं तिनं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. पौर्णिमाचा चेहरा एकदम उजळला, आणि लगेच तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. सगळ्यांना दिसेल इतकी नाही, तिला दिसेल इतकी.

“प्लास्टिकची नसते,” ती म्हणाली. “जिलेटिनची असते.”

“जिलेटिन कशापासून बनते, ताई?”

माईकमधून पौर्णिमाचा श्वास ऐकू आला. एका बारावीच्या पोरीनं सरळ प्रश्न विचारला होता, आणि तिला खोटं उत्तर देणं पौर्णिमाच्या हातून होणार नव्हतं. हे मला, तिच्या आईला, आधीच कळायला हवं होतं.

“हाडांपासून,” ती म्हणाली. “मेलेल्या जनावरांच्या हाडांपासून.”

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं कानाला हात लावून विचारलं, “ढोरायच्या काय व?”

“हो आजी. गाई-म्हशींच्या.”

बाहेर कोणीतरी खिरीत झारा फिरवत होतं, तेवढा आवाज. मग नलू बोलली. तिला माईक लागत नाही.

“म्हणजे धुरपताबाई, तुमच्या सासूनं जे टाकून गाव सोडलं, ते नातीनं पीएचडी करून उचललं म्हणा.”

दोन-चार बाया हसल्या. ते हसणं वाईट होतं असंही नाही, लोक हसतात तसं होतं. पण इतक्या जयंत्यांना ज्या डोळ्यांनी आमच्या घराकडं पाहिलं तेच सगळे डोळे आता माझ्यावर होते. मी उठले. का उठले, कशी उठले, मला सांगता येणार नाही.

“मले माहीत नव्हतं,” मी म्हटलं. “तिनं मले सांगतलंच नाई. माहीत असतं तं मी पाठवलंच नसतं तिले.”

आदल्या दिवशी जिनं सुपातले तांदूळ सोडून मला सगळं सांगितलं होतं, ती माझ्यापासून चार हातांवर शाल पांघरून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, आई, काल तर सांगितलं मी. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्याशी भांडले असते, घरी जाऊन आदळआपट केली असती, आणि सगळं नेहमीसारखं झालं असतं.

तिनं माईक तोंडाजवळ घेतला.

“आईला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी तिला सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे.”

मग तिनं खुशीला जवळ बोलावलं, पुढचं नंतर सांगते म्हणाली, सगळ्यांना जय भीम केला आणि खाली बसली. टाळ्या वाजल्या. खीर वाढली. मी पंगतीत वाढत फिरले, कोणाला अजून हवी का विचारत फिरले, आणि एकदाही तिच्या पानाकडं गेले नाही. तिला आमच्या सुनेनं, अंकितानं, वाढलं.

माझ्या पोरीला जन्मात पहिल्यांदा खोटं बोलताना मी ऐकलं, ते इतक्या माणसांसमोर, विहारात, आणि माझ्यासाठी.

आम्ही घरी आलो. अंकितानं मला पाणी आणून दिलं आणि पाहिलं नाही. एरवी सून माझ्याकडं न पाहता गेली तर मी तिला तिथंच दोन शब्द ऐकवते. त्या दिवशी मी पाणी प्यायले आणि पेला स्वतः धुवून ठेवला.

पौर्णिमाची सुट्टी अजून बाकी होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं बॅग भरली. पुलगावच्या स्टँडवर मी सोडायला गेले. वर्ध्याची बस लागायला वेळ होता. ती फोनमध्ये गाडीची वेळ पाहत होती, पाहून झाली तरी पाहत होती.

“काऊन बोलली तू तसं?” मी विचारलं. विचारायचं वेगळं होतं.

“सोड न आई.”

“नाई, सांग.”

ती समोरच्या रसवंतीकडं वळली. मग म्हणाली, “तुहं तोंड पाहावलं नाई मले.”

बस आली. ती चढली, खिडकीतून हात केला, पोचल्यावर फोन करते म्हणाली. पोचल्याचा मेसेज बापूरावांच्या फोनवर आला. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी फोन मांडीवर घेऊन मेथी बांधत बसायची. बाजारात कोणी विचारलं, पोरगी काय म्हणते, तर म्हणायची, कामात आहे.

बापूराव माझ्याशी फार बोलत नाहीत. बोलायला मी जागाच ठेवत नाही, असं ते कधीमधी म्हणतात. त्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ते अंगणात सायकलची चेन उतरवून बसले होते. मी आपलं सुरूच केलं, की तुमच्या आईनं एवढं सोसून सोडलेलं काम, आणि नातीनं तेच धरावं. त्यांनी चेन खाली ठेवली.

“मायनं ते काम काऊन सोडलं, ठाव आहे काय तुले?” ते म्हणाले. “त्या बैलाच्या दिवशी मी होतो तिथं. मायच्या मांगं उभा होतो. ते लोक बोलावाले आले तं आमी जेवून राह्यलो होतो. ताटावरून उठ म्हणे. ते तिले नाई खपलं.” ते फडक्यानं बोटं पुसत राहिले. “आता कोणी तिले असं विचारलं असतं, का बाई, कुर्सीवर बसून, आपल्या मर्जीनं, आपलं नाव लावून हाडाचं काम करतं काय, तं ते काय म्हणाली असती मले ठाव नाई. नाई बी म्हणाली असती. पण चार लोकायसमोर आपल्या लेकराले मी ओळखत नाई, असं तिनं कधी केलं नाई.”

एवढं बोलून ते चेन बसवू लागले. उत्तर सुचलं असतं तर मी दिलं असतं, मला माझा स्वभाव माहीत आहे.

कार्तिक पौर्णिमेला आम्ही बाया वंदनेला विहारात जमलो. गर्दी नव्हती, मंडळाच्याच बाया होत्या, आणि खुशी आजीसोबत आली होती. वंदना संपल्यावर नलू पुढच्या कार्यक्रमाचं बोलत होती. मी उठून उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते, घरी मनात दहादा म्हणून पाहिलं होतं.

“मले सांगायचं आहे,” मी म्हटलं. “मले माहीत होतं. आदल्या दिवशी पौर्णिमानं मले सगळं सांगतलं होतं. हाडाचं, ढोराचं, सगळं. मीच तिले लपवाले लावलं. ते माह्यासाठी खोटं बोलली. अन् कॅन्सरचं औषध तिनं नाई शोधलं. उन्हात तडकत नाई अशी कॅप्सूल शोधली, ते तिचं काम आहे.”

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. जी म्हातारी कानाला हात लावून बसते तिनं बाजूच्या बाईला विचारलं, काय म्हणते ते, आणि बाजूचीनं तिला गप्प केलं.

“मग त्या दिवशी तसं काऊन म्हटलं तुम्ही?” नलूनं विचारलं. टोमणा नव्हता. मला टोमणाच हवा होता, त्याला उत्तर देता येतं.

“लाज वाटली,” मी म्हटलं.

“कोणाची?”

मी उभीच होते. सतरंजीचा निघालेला धागा पायाच्या अंगठ्यानं दाबत राहिले. हाडाची म्हणावं तर ती हाडं मी पाहिलीसुद्धा नाहीत. पौर्णिमाची म्हणावं तर जीभ उचलेना. लोकांची म्हणावं, तर लोक म्हणजे याच बाया, ज्यांच्या बाळंतपणांत मी रात्री जागले आणि ज्यांनी माझ्या घरच्या मौतीत भाकरी टाकल्या. नलूनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती म्हणाली, “बसा,” आणि पुढच्या कार्यक्रमाचं बोलू लागली.

निघताना खुशी माझ्या मागं आली. तिनं ताईचा नंबर मागितला. मी तिला तो तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा, आणि म्हटलं, मी दिला म्हणू नको.

विहाराचा खिरीचा एक गंज आमच्याकडंच राहिला होता. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी तो द्यायला मी नलूच्या घरी गेले. दार उघडंच होतं. नलू ओसरीवर मेथी निवडत होती. खुशी पायरीवर वही घेऊन बसली होती आणि तिच्या बाजूला फोन ठेवला होता, स्पीकर लावून. फोनमधून पौर्णिमा बोलत होती.

मी गंज हातात तसाच धरून थांबले. नलूनं मला पाहिलं. सरकून तिनं जागा केली. मी बसले.

तेजाबातून काढल्यावर हाड कसं रबरासारखं वाकतं, ते पौर्णिमा सांगत होती. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिला खूप नवल वाटलं, असं म्हणत होती. वास येतो का, खुशीनं विचारलं. येतो, पौर्णिमा म्हणाली, चांगलाच येतो, आणि हसली. असं हसणं आमच्या घरात तिचं मी कधी ऐकलं, ते मला आठवेना.

मग खुशीनं माझ्याकडं पाहिलं आणि फोनकडं बोट केलं, सांगू का म्हणून. मी हातानं नको म्हटलं. पण पोरगीच ती. तिच्यानं अर्धंच राहवलं, मी इथं बसले आहे तेवढं तिनं सांगितलं नाही.

“ताई, तुमच्या आईनं विहारात सगळ्यांना सांगितलं,” ती म्हणाली. “की तिला माहीत होतं. तुम्ही तिच्यासाठी तसं बोललात.”

फोन गप्प झाला. बंद पडला की काय, असं वाटून खुशीनं उचलून पाहिला.

“सगळ्यांसमोर?” पौर्णिमानं विचारलं.

“हो. उभं राहून.”

मग तिचा आवाज आला, हळू, घरच्या बोलीत, खुशीशी बोलते आहे हे विसरल्यासारखा. “कोणी काही म्हटलं तं नाई न तिले?”

खुशीनं आजीकडं पाहिलं. नलूनं मेथीची जुडी हातात उलटीसुलटी केली आणि मान वर केली नाही.

“नाही ताई,” खुशी म्हणाली. “कोणी काही नाही म्हटलं.”

“बरं,” पौर्णिमा म्हणाली. तिनं नाक ओढलं, घसा साफ केला, आणि पुन्हा ताईच्या आवाजात आली. “कुठं होतो आपण? चुन्याच्या पाण्यात. लिही.”

खुशी लिहू लागली. नलूनं अर्धी मेथी माझ्या पुढ्यात सरकवली. मी गंज हळूच खाली टेकवला, दोन्ही हातांच्या बांगड्या कोपराकडं सारून घट्ट केल्या, म्हणजे वाजणार नाहीत, आणि एकेक पान खुडत पुढचं ऐकू लागले.